गाण्यांचा संसार नव्या कॉम्प्युटरवर नेताना



आपली भीमगीते आधी शाहिरांच्या वहीत आणि कंठात होती. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव गात फिरले आणि लोकांनी त्यांची गाणी पाठ केली. मग कॅसेट आली. आज वस्तीतल्या लहानशा खोलीत आपली मुले कॉम्प्युटरवर गाणी ध्वनिमुद्रित करतात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला वाजणारी कितीतरी गाणी अशाच खोल्यांतून तयार होतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण कॉम्प्युटर जुना होतो, पैसे जमवून नवा आणला जातो आणि जुना भंगारात जातो. त्याबरोबर गाणी जाऊ नयेत, म्हणून हे चार शब्द.

नव्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर टाकले की सारे परत येते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे होत नाही. सॉफ्टवेअर कोरे येते. आपण बसवलेला आवाज मात्र जुन्या डिस्कवरच राहतो.

स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. प्रीसेट म्हणजे कृती: आवाजाला किती घुमारा द्यायचा, ढोलकीचा खर्ज किती ठेवायचा, याची नोंद. सॅम्पल म्हणजे जिन्नस: ढोलकी, हलगी, झांज यांचे मूळ आवाज. प्लगइन म्हणजे भांडे. कृती नेली आणि जिन्नस किंवा भांडे मागे राहिले, तर गाणे उघडते, पण ढोलकी मुकी राहते. म्हणून तिन्ही न्यावे लागतात.

एफएल स्टुडिओ वापरणाऱ्यांनी 'डॉक्युमेंट्स'मधला 'इमेज-लाइन' फोल्डर पूर्ण उचलावा. प्रत्येक गाणे 'एक्स्पोर्ट'मधून 'झिप्ड लूप पॅकेज' म्हणून ठेवावे. त्यात सॅम्पलही येतात. क्यूबेसमध्ये 'बॅक अप प्रोजेक्ट' ही सोय आहे. त्याच्या सेटिंग्ज विंडोजमध्ये 'ॲपडेटा' या लपलेल्या फोल्डरात असतात, त्यामुळे आधी 'हिडन आयटम्स'वर खूण करावी. रीपरमध्ये 'प्रेफरन्सेस'च्या 'जनरल' पानावर 'एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन' असे बटण आहे.

सॅम्पल जुन्यावर 'डी' ड्राइव्हला असतील, तर नव्यावरही त्याच ड्राइव्हला, त्याच नावाच्या फोल्डरात ठेवा. जागा बदलली की सॉफ्टवेअर त्यांना शोधत बसते. सॉफ्टवेअरची आवृत्ती पूर्वीइतकी किंवा तिच्याहून नवी असावी. नव्यात केलेले काम जुन्यात बहुधा उघडत नाही.

लायसन्स ज्याच्या ईमेलवर घेतले असेल, त्याच्याच खात्यातून ते परत मिळते. मंडळाने वर्गणी काढून घेतले आणि ईमेल एकाच मुलाचे, तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तर सारे अडते. म्हणून मंडळाचे वेगळे ईमेल खाते उघडा. त्याचा पासवर्ड दोन जबाबदार माणसांजवळ वहीत लिहून ठेवा. चोरीच्या सॉफ्टवेअरचा भरवसा धरू नका. त्यातून व्हायरस येतो आणि नव्या कॉम्प्युटरवर ते चालेलच असे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. सेटिंग्ज कितीही जपल्या, तरी सॉफ्टवेअर कधीतरी बंद पडते. म्हणून तयार गाण्याचा प्रत्येक ट्रॅक, म्हणजे गायन, कोरस, ढोलकी, पेटी, अगदी सुरुवातीपासून वेगळा 'वेव्ह' फाइलमध्ये काढून ठेवा. ही फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ ट्रॅक मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचे, वीस ट्रॅकचे गाणे पावणेदोन जीबीत बसते. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवा.

ढोलकी पुन्हा वाजवता येईल, प्रीसेट पुन्हा बसवता येईल. पण आजीने जात्यावरची भीमाची ओवी एकदाच गाऊन ठेवली असेल आणि आज आजी नसेल, तर तो आवाज पुन्हा कुठून आणणार?

स्वतः तपासल्याशिवाय काही मानू नका, ही तथागतांची शिकवण इथेही लागू आहे. नव्या कॉम्प्युटरवर प्रत्येक गाणे उघडून शेवटपर्यंत ऐका. तोवर जुना कॉम्प्युटर विकू नका, पुसू नका. मायबहिणींनो, घरात अडगळ झाली म्हणून तो भंगारवाल्याला देण्याआधी मुलांना एकदा जरूर विचारा.

जयभीम!