सूर्य सर्वांचा, किनारा कुणाचा?

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात ‘मुक्त वस्तू’ची व्याख्या देताना हवा आणि सूर्यप्रकाश ही दोन उदाहरणे हटकून दिलेली असतात. जी वस्तू निसर्ग अमर्याद देतो आणि एकाने घेतल्याने जिच्यातील दुसऱ्याचा वाटा घटत नाही, तिला किंमत नसते, असे विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या घोकत आले आहेत. हवेचे उदाहरण मोठ्या शहरांनी केव्हाच निकालात काढले. सूर्य तेवढा शाबूत आहे, असा समज होता. परंतु पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहात, माउई बेटावरील हालेआकाला या पर्वताच्या शिखरावरून सूर्योदय पाहावयाचा असेल, तर २०१७ च्या फेब्रुवारीपासून आगाऊ नोंदणी करावी लागते. पहाटे तीन ते सकाळी सात या वेळात नोंदणीवाचून मोटारीला वर सोडले जात नाही. नोंदणीचे शुल्क मोटारीमागे एक डॉलर. राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क अर्थातच निराळे.

हा एक डॉलर म्हणजे सूर्याची किंमत नव्हे, हे उघड आहे. ती वाहनतळावरील जागेची किंमत आहे, आणि खरे पाहता तीही नव्हे. कारण ज्या दृश्यासाठी लोक हजारो मैलांवरून येतात, त्यासाठी याच्या कितीतरी पट रक्कम ते आनंदाने मोजतील. १०,०२३ फूट उंचीच्या या शिखरावर मोटारी उभ्या करण्याची सोय सुमारे दीडशेंची. येणाऱ्यांची संख्या तिच्या पलीकडे गेली, तेव्हा गाड्या रस्त्याच्या कडेला, लाव्हाच्या मातीवर, वाटेल तेथे उभ्या राहू लागल्या. तेथे रुपेरी पानांची एक वनस्पती उगवते. अनेक वर्षे वाढून ती आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. तिची मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असतात आणि माणसाच्या पावलांनी दाबली जातात. हवाईच्या मूळ रहिवाशांना तर हा पर्वतच पवित्र. हालेआकाला या शब्दाचा अर्थ सूर्याचे घर. माउई नावाच्या देवमानवाने येथेच सूर्याला फास टाकून पकडले आणि आपल्या आईची वस्त्रे वाळावीत म्हणून त्याला सावकाश चालावयास लावले, अशी त्यांची कथा आहे. मार्क ट्वेन १८६६ साली हवाईत आला असताना येथील सूर्योदय पाहून गेला आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने तो अजरामर केला. त्याच्या वेळी शिखराकडे जाणारा डांबरी रस्ता नव्हता. गर्दीचे मूळ त्या रस्त्यात आहे.

उष्ण कटिबंधातील बेटांवर ही गर्दी अधिक का दाटते, यालाही एक भौगोलिक कारण आहे. विषुववृत्ताच्या जवळपास सूर्य क्षितिजाला जवळजवळ काटकोनात छेदून वर येतो आणि तसाच बुडतो. त्यामुळे संधिप्रकाश थोडा वेळ टिकतो. लंडनमध्ये जूनच्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही पाऊण तास लख्ख उजेड रेंगाळतो. अंदमानात तो बावीस-तेवीस मिनिटांत आटोपतो. ज्यांनी युरोपातील रेंगाळणारी सांज वर्णनांतून वाचली आहे, त्यांना येथील सूर्यास्त घाईचा वाटतो. परंतु अर्थशास्त्रदृष्ट्या या घाईचा परिणाम गंभीर आहे. एखादे देऊळ किंवा किल्ला दिवसभरात केव्हाही पाहता येतो. सूर्यास्ताचा प्रेक्षक मात्र ठरावीक अर्ध्या तासात, ठरावीक जागीच यावा लागतो. मुंबईच्या लोकलगाड्यांची जी सकाळी नऊची अवस्था, तीच एखाद्या लहानशा किनाऱ्याची सायंकाळी पाचची. रस्ता, वाहनतळ, स्वच्छतागृहे, सारे काही त्या अर्ध्या तासाच्या गर्दीसाठी बांधावयाचे आणि उरलेले साडेतेवीस तास मोकळे ठेवावयाचे!

‘सर्वोत्तम सूर्योदयस्थळे’ आणि ‘सर्वोत्तम सूर्यास्तस्थळे’ यांच्या ज्या याद्या प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतून झळकतात, त्या वाचताना असे वाटते की ही स्थळे निसर्गानेच नेमून दिली आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. रस्ता, बंदर, घड्याळ आणि नकाशा ही मनुष्याची चार साधने मिळून स्थळाला ‘सर्वोत्तम’ बनवितात. त्यातील नकाशाचा पराक्रम तर मौजेचा आहे. पॅसिफिकमधील किरिबाटी हा देश १९७९ साली स्वतंत्र झाला, तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषा त्याच्या मधोमध जात होती. राजधानीत सोमवार उजाडला तरी पूर्वेकडील बेटांवर रविवारच असे. सरकारी कचेऱ्यांना परस्परांशी व्यवहार करावयास आठवड्यातून जेमतेम चार दिवस मिळत. ही अडचण खरी होती. म्हणून १९९५ च्या आरंभी त्या सरकारने सारा देश रेषेच्या एकाच बाजूला घेतला. त्याबरोबर देशाच्या पूर्व टोकाचे कॅरोलाइन हे निर्जन बेट नव्या दिवसाचे पहिले दार बनले. १९९९ मध्ये त्याचे ‘मिलेनियम’ असे नामकरण झाले आणि २००० सालचा पहिला सूर्योदय साऱ्या जगाला दाखविण्यासाठी त्या निर्मनुष्य वाळूवर नर्तकांना व दूरचित्रवाणीच्या पथकाला नेण्यात आले. सूर्य तसूभरही हलला नव्हता. हलली होती ती कागदावरची रेघ.

सामोआने तेच उलट्या क्रमाने केले. जगातील शेवटचा सूर्यास्त आपल्याकडे, अशी जाहिरात तो देश वर्षानुवर्षे करीत असे. पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशी व्यापार वाढला, त्यांचा सोमवार आणि आपला रविवार हे त्रांगडे नकोसे झाले आणि २०११ च्या डिसेंबरची ३० तारीख सामोआने दिनदर्शिकेतून गाळूनच टाकली. (शुक्रवार होता, न केलेल्या कामाचे वेतन कर्मचाऱ्यांना मिळाले. आपल्याकडील कारकुनांनी हेवा करावा अशी ही गोष्ट.) शेवटच्या सूर्यास्ताचा मान त्यानंतर शेजारच्या अमेरिकन सामोआकडे राहिला. तेव्हा ‘पहिला’ आणि ‘शेवटचा’ ही सूर्याची विशेषणे नसून वाणिज्याची आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता आपल्या घरातील उदाहरण घेऊ. भारताचे प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंश पूर्व. पोर्ट ब्लेअर, ज्याचे २०२४ साली श्रीविजयपुरम असे नामांतर झाले, ते पावणेत्र्याण्णव अंशांवर. म्हणजे तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे एक्केचाळीस मिनिटे पुढे धावतो. जूनमध्ये तो पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सायंकाळी पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. त्याच दिवशी मुंबईत तो सहाच्या सुमारास बुडत असतो. मुंबईकरांना घड्याळाचा हा जाच समजावयास हरकत नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटांनी मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. अंदमानी माणसाला असा हट्ट धरण्याची सोय मिळाली नाही. साहजिकच, नोव्हेंबरात पाच वाजता कचेरीतून सुटणारा तेथील कारकून बाहेर येतो तो अंधारात. सूर्यास्त पाहण्याइतका मोकळा असतो तो पाहुणा. योगायोग असा की प्रमाणवेळ आली त्याच १९०६ साली तेथील सेल्युलर जेलचे बांधकाम पूर्ण झाले. १९११ ते १९२१ या काळात सावरकर तेथे होते. मराठी माणसाची अंदमानची ओढ मुख्यतः त्या कोठडीपाशी सुरू होते. सात भुजांच्या त्या इमारतीची रचना अशी की एका भुजेच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या भुजेची पाठ यावी. चहूबाजूंना समुद्र असलेल्या बेटावर क्षितिज दिसू न देण्याची एवढी पद्धतशीर व्यवस्था क्वचितच कुणी केली असेल.

जेल पाहून झाले की यात्रेकरूंचा तांडा बोटीने हॅवलॉककडे, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासूनच्या स्वराजद्वीपाकडे, वळतो. येथे निसर्गाने आणि इतिहासाने मिळून अर्थशास्त्राचा एक धडाच मांडून ठेवला आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० नंतरच्या दशकात या बेटावर वसविण्यात आले. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी त्यांनी वसविलेल्या गावांची नावे. सरकारी दप्तरातील क्रमांक अद्याप किनाऱ्यांना चिकटलेले आहेत. भात, नारळ आणि सुपारी यांच्यासाठी दिलेल्या त्यांच्या जमिनी पूर्व किनाऱ्यालगत होत्या. सूर्योदयाची बाजू तीच. त्यामुळे आज निवासगृहांची रांग पूर्वेला आहे, आणि प्रवाशांची संध्याकाळ मात्र पश्चिमेच्या राधानगर किनाऱ्यावर, जंगलाच्या कडेला, सरकारी मालकीच्या वाळूवर साजरी होते. २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून राधानगरचा गौरव केला आणि २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. धक्क्यापासून तेथवर सुमारे बारा किलोमीटरचा एक रस्ता. बेटावरील झाडून सारे पाहुणे दुपारी त्याच रस्त्याने जातात आणि अंधार पडताच त्याच रस्त्याने परततात.

रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडला, तो धान्याच्या शेतीसंबंधाने. सुपीक जमिनीच्या मालकाला काही अधिक न करता जे अधिक उत्पन्न मिळते, तो खंड. क्षितिज दिसणारी जमीन ही आजची सुपीक जमीन होय. पूर्वेकडील निर्वासिताच्या नातवाने आपली वाडी भाड्याने दिली असेल तर खंडाचा काही भाग त्याच्या हाती पडतो. विकून टाकली असेल तर तो मुख्य भूमीवरील भांडवलाकडे जातो आणि नातू त्याच निवासगृहात पाणी भरतो. पश्चिमेचा खंड तर कुणाच्याच नावावर नाही. तो बोटीच्या तिकिटात, मोटारीच्या भाड्यात आणि सहल-कंपनीच्या एकत्रित दरात विरघळून जातो. कचरा तेवढा बेटावर राहतो. गोडे पाणी पावसाचे. तो पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धात, केरळच्याही आधी, येथे दाखल होतो. परंतु पाहुणे येतात ते नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे पाणी आटत जाण्याच्या काळात.

यावर काहींचा सोपा उपाय असा की दर वाढवावेत. गर्दी आपोआप ओसरेल. ओसरेल हे खरे, पण कुणाची? वर्षभर पैसे साठवून आणि रजा-प्रवास सवलत वापरून आयुष्यात एकदा अंदमानला जाणाऱ्या शिक्षकाची. श्रीमंताला दराने काही फरक पडत नाही. किमतीने केलेले वाटप कार्यक्षम असते, हे पुस्तकात ठीक आहे. समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता असताना ते न्याय्य ठरत नाही. दुसऱ्या टोकाला ‘येईल त्याला येऊ द्या’ हे धोरण म्हणजे रांगेने केलेले वाटप, आणि हालेआकालाच्या शिखरावर त्याने काय झाले ते वर आलेच आहे. उरतो तिसरा मार्ग: संख्या ठरवून, नाममात्र शुल्कात, आगाऊ नोंदणीने वाटप. त्यातही दोष आहे. ज्याला आधी कळते त्याला आधी मिळते, आणि दलालांना सर्वांत आधी कळते. म्हणून ठरविलेल्या संख्येतील एक निश्चित हिस्सा बेटावरील रहिवाशांसाठी नोंदणीवाचून राखला पाहिजे आणि शुल्काची रक्कम किनाऱ्याच्या पंचायतीकडे, पाणी व कचरा या दोनच खात्यांवर, गेली पाहिजे. राधानगरला मोटारींऐवजी बसगाड्यांच्या ठरावीक फेऱ्या ठेवल्या, तर संख्या मोजण्यास वेगळा फाटकवालाही लागणार नाही.

हे ठरवावयाचे कुणी, हा प्रश्न मात्र अंदमानात अवघड आहे. या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही; लोकसभेत एक प्रतिनिधी आहे आणि कारभार नायब राज्यपालांचा. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या तीन लाख ऐंशी हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. इतक्या थोड्या लोकांच्या गैरसोयीने दिल्लीत पान हलत नाही. दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंटपाशी २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात जमीन सुमारे सव्वाचार मीटर खचली आणि कोरड्या जमिनीवरील दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. बेटावरची जमीन ही कायमची ठेव नव्हे, हे तेथील लोकांना कुणी शिकवावे लागत नाही. शतकाचा पहिला सूर्योदय जगाला दाखविणाऱ्या किरिबाटीचेही तेच. त्या देशाची बहुतेक भूमी समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर उंचीची. २०१४ साली त्या सरकारने फिजीमध्ये सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. ती घेताना तेथून सूर्योदय कसा दिसतो, याची चौकशी कुणी केली नसावी.