सहस्रकुंडचा फोटो सगळीकडे फिरतो, गावाच्या हाती काय उरतं?

पैनगंगा दुथडी भरली की किनवट तालुक्यात इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा मोबाइलच्या पडद्यांवर ओसंडू लागतो. नांदेड, यवतमाळ आणि तेलंगणातून गाड्या येतात, काळ्या कातळावरून कोसळणाऱ्या पाण्यासमोर फोटो काढले जातात आणि संध्याकाळच्या आत गाड्या परत फिरतात. गावात राहतात ते चहा-भज्यांचे पैसे. निसर्ग छायाचित्रण हा आता मोठा व्यवसाय झाला आहे. कार्यशाळांचं शुल्क हजारोंच्या घरात असतं. त्यातला किती पैसा त्या जागेच्या माणसांपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

नवाहो लोकांनी काय केलं?

अमेरिकेत अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत पसरलेला नवाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश आकाराने आपल्या मराठवाड्याहून थोडा मोठा आहे. मॉन्युमेंट व्हॅलीतले लाल सुळके आणि अँटेलोप कॅन्यन ही अरुंद घळ जगभरच्या छायाचित्रकारांना तिथे खेचून नेतात. मॉन्युमेंट व्हॅलीला नवाहोंनी १९५८ मध्येच आपलं राखीव उद्यान ठरवलं. अँटेलोप कॅन्यनमध्ये तर परवानाधारक नवाहो वाटाड्याशिवाय पाऊलच टाकता येत नाही. बाहेरून कार्यशाळा घेऊन येणाऱ्यालाही स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो आणि व्यावसायिक छायाचित्रणासाठी वेगळी परवानगी लागते. काही आयोजक त्यापुढे जाऊन स्थानिक कुटुंबांकडे मुक्काम ठेवतात, शुल्कातला वाटा देतात. हे चांगलंच आहे, पण नवाहोंचं उत्पन्न आयोजकाच्या दिलदारीवर अवलंबून नाही. दाराची किल्ली त्यांच्याकडे आहे.

या किल्लीचं मोल किती? अँटेलोप कॅन्यनमध्ये काढलेला 'फँटम' नावाचा एक फोटो ६५ लाख डॉलरना विकला गेल्याचा दावा छायाचित्रकार पीटर लिक यांच्या कंपनीने २०१४ मध्ये केला होता. खरेदीदाराचं नाव जाहीर झालं नाही, त्यामुळे तो आकडा जपूनच घ्यायला हवा. पण विकल्या गेलेल्या चित्राच्या किमतीवर गावाचा हक्क नसतो, प्रवेशावर असू शकतो, एवढं त्यातून कळतं. पुढे गर्दी वाढली तेव्हा ट्रायपॉड घेऊन जाणाऱ्यांच्या खास फोटो-सहली बंद करण्यात आल्या. साध्या सहलीपेक्षा त्यांचं तिकीट महाग होतं, तरीही.

वाटाड्या म्हणजे केवळ रोजगाराची सोय नव्हे. ऑगस्ट १९९७ मध्ये याच घळीत अचानक आलेल्या लोंढ्याने ११ जणांचा जीव घेतला. पाऊस पडला होता कित्येक किलोमीटर दूर. सहस्रकुंडच्या वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की धबधब्याचा नूर पालटतो. कुठला कातळ कधी बुडतो, हे काठावरच्या माणसाला ठाऊक असतं, पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाला नाही.

महाराष्ट्रात असं कुठे घडलं आहे?

कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेश शुल्क घेतलं जातं, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे आणि व्यवस्था कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांतल्या लोकांच्या समित्या पाहतात. उजनी जलाशयावर भिगवणजवळच्या कुंभारगावात रोहित पक्षी टिपायला येणाऱ्यांना मच्छीमारांच्या होड्यांतून न्यावं लागतं. दोन्हींत भिगवणचं उदाहरण जास्त बोलकं आहे. होडी मच्छीमाराची, पाण्याची माहितीही त्याचीच. अर्थात धरण तुडुंब राहिलं आणि उथळ पाणी उरलं नाही की रोहित फिरकत नाहीत आणि हंगाम कोरडा जातो. फोटोवर घर चालवण्यातली ही जोखीम कुठलीच समिती टाळू शकत नाही.

नांदेड-लातूरकडे कोणती साधनं आहेत?

दोन्ही जिल्ह्यांची स्थिती सारखी नाही. किनवट-माहूर भागात गोंड, कोलाम, आंध, परधान समाजांची वस्ती आहे आणि तिथली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. या गावांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यात पर्यटन हा शब्द नाही, पण सामूहिक संसाधनं आणि परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा हक्कही मिळू शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो २००९ मध्ये मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. बांबूसाठी जे झालं ते वाटाड्यांची फी ठरवण्यासाठी का होऊ नये?

लातूरला हा आधार नाही. शिवाय या जिल्ह्याची जगाने पाहिलेली चित्रं वेगळी आहेत: ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरची किल्लारी आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे. कॅमेरे आले आणि गेले. औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्या किंवा उदगीरजवळचं हत्तीबेट पाहायला येणाऱ्यांकडून काही मिळवायचं, तर ग्रामपंचायतीचे साधे कर आणि २०२० चं कृषी पर्यटन धोरण एवढंच हाती आहे. किमान एक एकर जमीन असलेला शेतकरी या धोरणाखाली नोंदणी करून पाहुणे ठेवू शकतो. मुक्काम गावात झाला तर जेवण, गाडी, वाटाड्या असा पैसा पाझरतो. दोन तासांच्या थांब्यातून तो पाझरत नाही.

सहस्रकुंडला मात्र आणखी एक पेच आहे. धबधब्याचा एक काठ नांदेडमध्ये, तर दुसरा यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात. इस्लापूरकडे पावती फाडायला सुरुवात झाली, तर गाड्या पलीकडच्या काठावर वळतील. नवाहोंची जमीन तीन राज्यांत असली तरी तिचं सरकार एकच आहे. इथे दोन जिल्हे, दोन महसूल विभाग आणि दोन काठांवरची गावं यांना आधी एका चटईवर बसावं लागेल.