तिसरा स्पीकर कुठाय?

नव्या पाहुण्याचा पहिला उद्गार बहुतेक वेळा एकच असतो : "एवढेसेच?" पुण्यातल्या एका निवृत्त इंजिनियरच्या खोलीत स्टँडवर ठेवलेले ते दोन स्पीकर जेमतेम फूटभर उंच आहेत. भारी सिस्टीम ऐकायला मिळणार म्हणून आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कपाटाएवढी खोकी आणि छाती हादरवणारा दणका असतो. इथे दोन लाकडी पेट्या, एक रेकॉर्ड प्लेअर आणि तांबूस उजेडाचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, एवढंच. दुसरा प्रश्न : "आणि बेस?" तिसरा, चहा येईपर्यंत कसाबसा धरून ठेवलेला : "साधारण केवढ्याला पडलं हे सगळं?"

किंमत विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं नाही, आणि यजमानही आकडा लपवत नाहीत. काही लाखांत गेलेला आहे. पण तो आकडा ते गाणं झाल्यावरच सांगतात, आणि ते बरोबर करतात. आधी सांगितलं की समोरचा माणूस प्रत्येक सूर त्या रकमेशी ताडून बघायला लागतो आणि गाणं बाजूला राहतं.

बेसच्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर आहे. हे स्पीकर 'एलएस३/५ए' जातीचे. बीबीसीच्या इंजिनियरांनी १९७०च्या दशकात ते बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केले. गाडीत जागा कमी, आणि तिथे बसलेल्या माणसाला बोलणाऱ्याचा आवाज नेमका कसा जातोय हे कळायला हवं. म्हणून पेटी लहान ठेवली आणि सगळी मेहनत माणसाच्या आवाजावर घेतली. खोल खर्ज त्यांच्या आवाक्यात नाही. ढोलताशा ऐकायला आलेला पाहुणा इथून थोडा हिरमुसून जातो. ख्याल, नाट्यगीत, भावगीत ऐकणारा माणूस जागचा हलत नाही.

मग गाणं सुरू होतं आणि खरी गंमत दिसते. पाहुणा मधल्या खुर्चीत बसलेला असेल तर दोन-तीन मिनिटांत उठतो, दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या भिंतीकडे जातो आणि वाकून बघतो. "तिसरा स्पीकर कुठाय?" गाणारी बाई तिथेच तर बसली होती! जुनी मोनो रेकॉर्ड असली की दोन्हीकडून अगदी सारखा आवाज येतो. दोन्ही स्पीकर कानांपासून सारख्याच अंतरावर असतील, तर मेंदू त्या दोन आवाजांचा एकच आवाज करून बरोबर मध्ये बसवतो. खुर्ची हातभर डावीकडे सरकवा, बाई डाव्या स्पीकरात जाऊन बसते. शाळकरी मुलांना हा खेळ फार आवडतो. खुर्ची सरकवत ती आवाजाला खोलीभर फिरवतात. मोठी माणसं एकदाच करून बघतात आणि मग त्या एका खुर्चीसाठी एकमेकांना आग्रह करत राहतात.

सगळ्यात अवघड प्रसंग ७८ आरपीएमच्या रेकॉर्डचा. यजमान बारीक टोकाची सुई काढून जाड टोकाची लावतात, कारण या रेकॉर्डची खाच एलपीपेक्षा रुंद असते. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३०च्या दशकातली तबकडी ठेवतात. पहिल्याच सेकंदाला पाहुण्याच्या कपाळावर आठी : "ही खरखर कसली? एवढे पैसे घालून?" तक्रार रास्त आहे. चांगली यंत्रणा रेकॉर्डवरचे ओरखडेही प्रामाणिकपणे ऐकवते. पण खाँसाहेबांचा सूर लागला की खरखर समोरच्या पातळीवर राहते आणि आवाज तिच्या मागे, वेगळा, स्वच्छ उभा राहतो. तीन-सव्वातीन मिनिटांची बाजू संपते तेव्हा आठी गेलेली असते. बहुतेक जण सांगतात, तीच बाजू परत लावा.

पाहुण्यांना थक्क करायची हौस शंभर वर्षांहून जुनी आहे. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगावी असे प्रयोग केले. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे जायचे, आणि गातंय कोण हे लोकांनी ओळखायचं. अनेकांना ओळखता आलं नाही म्हणतात. त्या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगितलं की त्या आपला आवाज यंत्राशी जुळेल असा लावत. १९५४ साली व्हार्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तिकीट लावून प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकवलं. पुण्यातल्या खोलीत तिकीट नाही, पण पाहुण्याच्या चेहऱ्याकडे यजमान तितक्याच आशेने बघत असतात.

आणि इथेच अनेक हौशी माणसं चुकतात. आधी काच फुटल्याचा आवाज, मग आगगाडी, मग कुठल्याशा परदेशी गायिकेची तीच ती चाचणीची रेकॉर्ड. पाहुणा "वा, क्लिअर आहे" म्हणतो आणि घड्याळ बघतो. त्याला ते गाणं माहीतच नाही, मग फरक कशाशी ताडणार? आधी त्याला विचारावं, तुमच्या घरी काय लागायचं? जे गाणं त्याने शेकडो वेळा रेडिओवर ऐकलंय, त्यात मागे व्हायोलिन आहेत हे त्याला इथे पहिल्यांदा कळतं. गायकाने मध्ये श्वास घेतलेला ऐकून माणसं दचकतात. गाणारे-वाजवणारे पाहुणे वेगळेच. एक तानपुरा जुळवणाऱ्या बाई आल्या होत्या, त्या स्पीकरांबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. डोळे मिटून म्हणाल्या, "पंचमाची जवारी किंचित बंद आहे." तारेखाली दोरा कुठे सरकवायला हवा हे दाखवताना त्यांची बोटं हवेत चालत होती. यंत्रणेला याहून मोठी दाद मिळाली असेल असं वाटत नाही.

मागे एक गृहस्थ वडिलांच्या भजनाची घरीच भरलेली कॅसेट घेऊन आले. भजनात कुकरची शिट्टी, बाहेर फळवाल्याची आरोळी, आणि "दार लाव गं" असं आईचं बोलणं. हे आईचं बोलणं त्यांनी घरच्या टेपवर कधी ऐकलंच नव्हतं. आता त्यांच्याकडच्या बाकीच्या कॅसेटीही आल्यात. यजमानांच्या जुन्या डेकचा रबरी पट्टा मात्र विरघळून चिकट झालाय, आणि तसाच नवा शोधायला दोघं मिळून तपकीर गल्लीत दुकानं पालथी घालताहेत.