बाटलीतले सोवळे

लग्नाच्या मांडवापासून मंत्रालयातल्या बैठकीच्या मेजापर्यंत जी सीलबंद बाटली आज प्रतिष्ठेची खूण होऊन बसली आहे, जिच्या लेबलावर 'ओझोनाइज्ड' हा शब्द पुण्याहवाचनातल्या मंत्रासारखा छापलेला असतो, आणि नळाच्या पाण्याला नाक मुरडणारा मध्यमवर्ग जिच्यासाठी निमूटपणे दाम मोजतो, त्या बाटलीतल्या पाण्यावर ओझोनने नेमके काय केले आणि मागे काय ठेवले, हा प्रश्न ना विकणाऱ्याला पडतो, ना पिणाऱ्याला, ना या दोघांवर देखरेख ठेवण्याचा पगार घेणाऱ्याला. हे सोवळे खोटे आहे.

ओझोन जंतू मारतो, याबद्दल आमचा वाद नाही. पटकीने गावेच्या गावे ओस पाडलेली ज्या भूमीने पाहिली, तिथे निर्जंतुकीकरणाला नावे ठेवणे हा शुद्ध कृतघ्नपणा होईल. परंतु 1974 साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातील रसायनज्ञ योहान्स रूक यांनी क्लोरीन आणि पाण्यातील कुजकट सेंद्रिय द्रव्य यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्ये जन्मतात हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून क्लोरीनला पर्याय शोधण्याची जी धावपळ जगभर सुरू झाली, तिच्यात एक साधी गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली: जंतूला जाळणारे द्रव्य पाण्यातल्या इतर घटकांना सोडून देत नाही. क्लोरीन डायऑक्साइड वापरा, क्लोराइट आणि क्लोरेट उरतात. क्लोरामाइन वापरा, नायट्रोसामाइनांची भीती. आणि ज्याचा एवढा डांगोरा पिटला जातो तो ओझोन स्वतः अल्पावधीत विरून जातो खरा, पण पाण्यात ब्रोमाइड असेल तर जाता जाता त्याचे ब्रोमेट करून ठेवतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. म्हणजे किनाऱ्यावरच्या ज्या विहिरीत खारे पाणी शिरले, तिथे या रसायनाचा कच्चा माल आयताच हजर. ब्रोमेटला वास नाही, रंग नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. पोटॅशियम ब्रोमेटाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्ककारक ठरवले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात ब्रोमेटची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम इतकी कडक घातली आहे.

ही भीती पुस्तकी नव्हे. 2004 साली कोका-कोला कंपनीने 'दसानी' नावाचे बाटलीबंद पाणी मोठ्या थाटात ब्रिटनच्या बाजारात आणले. ते लंडनजवळच्या सिडकपमधल्या नळाचेच पाणी होते, हे उघड होऊन कंपनीची छी-थू झालीच होती. पण खरी फजिती पुढेच होती. ते पाणी गाळून गाळून शुद्ध केले, मग कायद्याला हवे म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घातले, त्या कॅल्शियम क्लोराइडाबरोबर ब्रोमाइड आले, आणि त्यावर शुद्धीचा शेवटचा संस्कार म्हणून ओझोन सोडताच ब्रोमेट कायद्याची मर्यादा ओलांडून गेले. सुमारे पाच लाख बाटल्या मार्च महिन्यात परत घ्याव्या लागल्या. नळाचे पाणी नियमात बसत होते. ते 'शुद्ध' करणाऱ्यांनीच बिघडवले. तत्काळ धोका नाही असे तिथल्या अन्ननियंत्रकांनीच सांगितले होते, तरी बाटल्या मागे आल्या, कारण तिथे कोणीतरी मोजत होते.

आणि आमच्याकडे? भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या बाजारातल्या बाटल्या तपासल्या, काही नमुन्यांत ब्रोमेट जागतिक मर्यादेपलीकडे निघाले, आणि त्याच्या बातम्याही दहाएक वर्षांपूर्वी छापून आल्या. चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी तीच बाटली, तोच मांडव! 2016 साली पावात पोटॅशियम ब्रोमेट सापडल्याचा गवगवा झाला तेव्हा मात्र सरकारने महिन्याभरात बंदी घालून पाठ थोपटून घेतली. पावातले ब्रोमेट पाप, आणि पाण्यातले? ज्या भारतीय मानक 10500 कडे पिण्याच्या पाण्याची स्मृती म्हणून बोट दाखवले जाते, त्याच्या 2012 च्या आवृत्तीत क्लोरीनच्या पोटी जन्मणाऱ्या चार द्रव्यांना मर्यादा आहेत. ब्रोमेटचे, क्लोराइटचे नावही तिथे नाही. उद्या एखाद्या नगरपालिकेने उद्घाटनाचा नारळ फोडून ओझोनची यंत्रे बसवली, तर ब्रोमेट मोजण्याची सक्ती तिच्यावर हे मानक करणार नाही.

उपाय नाहीत असे नव्हे. ओझोन सोडण्यापूर्वी पाण्यातले ब्रोमाइड तपासावे, मात्रा आवरावी, पाण्याचा सामू किंचित उतरवावा, आणि अंतिम पाण्यातले ब्रोमेट नियमाने मोजून तो आकडा लोकांपुढे ठेवावा. जगातल्या पाणीतज्ज्ञांना हे सारे ठाऊक आहे. यासाठी लागते ती प्रयोगशाळा आणि लाज. प्रयोगशाळा या राज्यात आहेत. ज्या शासनाने नळाची अब्रू घालवून जनतेला बाटलीच्या आणि जारच्या दारात उभे केले, त्या शासनाला बाटलीत काय आहे ते ठाऊक नसणे हा निष्काळजीपणा नव्हे, गुन्हा आहे.

पाणीपुरवठ्याच्या पुढच्या बैठकीत मंत्रिमहोदयांच्या समोर ती बाटली असेलच. तिच्यातले ब्रोमेट किती, हे त्यांनी झाकण उघडण्यापूर्वी आपल्या अधिकाऱ्यांना विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत तहानलेले राहावे.