कराटे शिका म्हणजे झालं?

एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी येते, चार दिवस मोर्चे निघतात आणि आठवड्याभरात चौकात फलक लागतो : ‘मुलींसाठी मोफत कराटे प्रशिक्षण’. फलकावर हात जोडलेले नेते, त्यांच्या शेजारी पांढऱ्या पोशाखातली, पाय हवेत उचललेली एक मुलगी. उद्‌घाटनाचं भाषणही ठरलेलं असतं. आजच्या स्त्रीने अबला राहू नये, स्वतःचं रक्षण स्वतः करावं. टाळ्या पडतात. या ‘स्वतः’ शब्दाने व्यासपीठावरच्या सगळ्यांची कशी सुटका होते, याचा आपण कधी विचार करतो का? पोलीस सुटले, कोर्ट सुटलं, नवरा आणि सासरा सुटले. उरली ती मुलगी आणि तिचा हवेतला पाय.

गैरसमज नको. आमचा कराटेला विरोध नाही. आमच्या शिबिरांतही कराटेचे वर्ग झालेत, आणि जन्मभर पदर सावरून खालच्या मानेने चाललेली बाई मोठ्याने ओरडायला शिकते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते आम्ही पाहिलंय. आमचा विरोध आहे तो कराटेच्या आड लपणाऱ्यांना. हा उपाय पुरेसा असता, तर ज्या देशाच्या मुली कराटेत, मुष्टियुद्धात, कुस्तीत जगाच्या पहिल्या रांगेत आहेत, त्या देशातल्या बायका निर्धास्त जगायला हव्या होत्या. तसा एक देश आहे. तुर्कस्तान.

दिलारा बोझान हे नाव आपल्यापैकी फार थोड्या जणींनी ऐकलं असेल. १९९७ साली जन्मलेली ही मुलगी कराटेतल्या ‘काता’ या प्रकारात खेळते, एकटीने आणि तिघींच्या संघातूनही. कात्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो. आठ मीटर लांब-रुंद चटईवर खेळाडू एकटी येते, वाकून नमस्कार करते, आपण कोणता काता करणार त्याचं नाव खणखणीत आवाजात पुकारते आणि मग ठरलेल्या क्रमाने न दिसणाऱ्या शत्रूंचे वार अडवते, परतवते. दोन-तीन मिनिटांचा खेळ. टोकियोत सात पंच गुण देत होते. तंत्राला सत्तर टक्के, ताकद-वेग-तोल यांना तीस टक्के. सगळ्यांत वरचे आणि सगळ्यांत खालचे दोन-दोन गुण वगळायचे आणि मधल्या तिघांचे धरायचे. पाऊल बोटभर चुकलं तरी ते पंचांना दिसतं. त्या दोन-तीन मिनिटांमागे लहानपणापासून रोजची कित्येक तासांची मेहनत असते.

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये कराटे पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये खेळलं गेलं, आणि त्या दिवशी महिलांचा काता होता. महामारीमुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या. दिलारा कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचली आणि हाँगकाँगच्या ग्रेस लाऊकडून अर्ध्या गुणाहूनही कमी फरकाने हरली. पदक गेलं. पण त्या स्पर्धेत तुर्कस्तानला मिळालेली एकूण १३ पदकं पाहा. त्यांतली ५ बायकांनी आणली, आणि ती पाचही लढण्याच्या खेळांतली! मुष्टियुद्धात बुसेनाझ सुर्मेनेलीचं सुवर्ण आणि बुसे नाझ चाकिरोग्लूचं रौप्य, कुस्तीत यासेमिन आदार, तायक्वांदोत हातिजे कुब्रा इल्गुन आणि कराटेत मेर्वे चोबान यांची कांस्यं. ‘मुलींनो, लढायला शिका’ हा उपदेश इतका मनावर घेणारा दुसरा देश शोधून सापडायचा नाही.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. २० मार्च २०२१. शुक्रवारची रात्र संपून शनिवार उजाडायच्या आत तुर्कस्तानच्या सरकारी राजपत्रात राष्ट्राध्यक्षांचा एक हुकूम छापून आला. बायकांवरील हिंसा रोखण्यासाठीच्या युरोपीय करारातून देश बाहेर पडत असल्याचा. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. हा करार ‘इस्तंबूल करार’ म्हणून ओळखला जातो, कारण २०११ साली तो सह्यांसाठी खुला झाला तो इस्तंबूल शहरातच, आणि त्याला पहिल्यांदा संसदेची मान्यता देणारा देशही तुर्कस्तानच. दहा वर्षांनी त्याच देशाने मध्यरात्री पाठ फिरवली. बाहेर पडण्याची अंमलबजावणी झाली १ जुलै २०२१ला. त्यानंतर पाचच आठवड्यांनी दिलारा बुदोकानच्या चटईवर उभी होती, पाठीवर देशाचं नाव घेऊन.

करारात असं काय होतं की सरकारला ते बोचावं? रूढी, धर्म, परंपरा किंवा तथाकथित ‘इज्जत’ हे हिंसेचं समर्थन होऊ शकत नाही. मार खाणाऱ्या बाईवर समेटाची सक्ती करता येणार नाही. पुरेशी निवाराघरं हवीत, चोवीस तास चालणारा मदतीचा फोन हवा, आणि तक्रार आल्यावर पोलीस हलले नाहीत तर त्याची जबाबदारी सरकारवर. यातलं कोणतं कलम कुटुंब मोडणारं आहे ते एखाद्या संस्कृतिरक्षकाने आम्हाला समजावून सांगावं. सरकारचं म्हणणं असं की काही लोकांनी समलैंगिकता रूढ करण्यासाठी करार ताब्यात घेतला होता आणि ती गोष्ट तुर्की कुटुंबमूल्यांत बसत नाही. कुटुंबमूल्यांचं नाव निघालं की हिशेब नेहमी बाईच्या नावावर लिहिला जातो, हे आपल्याला काही नवीन नाही.

आणि ही कलमं कुणी हवेतून काढली नव्हती. दियारबाकिर शहरातल्या एका बाईने वर्षानुवर्षं पोलिसांत तक्रारी केल्या होत्या. नवऱ्याने तिला सुऱ्याने सात वेळा भोसकलं. कोर्टाने त्याला शिक्षा काय दिली? दंड, तोही आठ हप्त्यांत भरायची सवलत देऊन! मायलेकी जिवाच्या भीतीने तक्रारी मागे घेत राहिल्या आणि अधिकारी ‘घरगुती बाब’ म्हणून फायली मिटवत राहिले. २००२ साली त्या माणसाने तिच्या आईला गोळ्या घातल्या. ‘ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान’ या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ साली सांगितलं की बाईचं रक्षण करण्यात सरकारने कसूर करणं हा स्त्रियांविरुद्धचा भेदभावच आहे. इस्तंबूल करार झाला तो या निकालानंतर दोन वर्षांच्या आत. आता सांगा, या बाईला कराटे येत असतं तर काय फरक पडला असता? ती पळून जात होती, परत आणली जात होती, तक्रार करत होती. अंगातली ताकद कमी पडली म्हणून तिची आई मेली नाही. सरकारी टेबलावर कागद हलला नाही म्हणून मेली.

कात्यातला शत्रू काल्पनिक असतो आणि तो कोणत्या दिशेने येणार हे आधीच ठरलेलं असतं. घरातला शत्रू तसा नसतो. बाई झोपलेली असताना, मूल कडेवर असताना, घटस्फोटाचे कागद हातात असताना तो येतो. तुर्कस्तानात स्त्रीहत्यांची नोंद सरकार नीट ठेवत नाही म्हणून ‘स्त्रीहत्या थांबवू’ नावाचा बायकांचा मंच २०१० पासून ती ठेवतो आहे. त्यांच्या नोंदीप्रमाणे २०२० साली पुरुषांनी मारलेल्या बायका ३००, आणि संशयास्पद अवस्थेत मृत सापडलेल्या आणखी १७१. मारणारे बहुतेक नवरे, सोडलेले नवरे, प्रियकर, बाप, भाऊ, मुलगे. हत्यार म्हणून सगळ्यांत जास्त वेळा बंदूक. बंदुकीच्या गोळीला कोणता काता अडवतो?

बरं, एखादीने खरंच स्वतःचं रक्षण केलं तर? अदाना शहरातल्या एका तरुण आईने २०१५ साली, मारहाण करणाऱ्या आणि देहविक्रयाला जुंपू पाहणाऱ्या नवऱ्याला त्याच्याच पिस्तुलाने मारलं. पुढच्या वर्षी कोर्टाने तिला १५ वर्षांची शिक्षा सुनावली. प्रतिकार केला तर खुनी. आणि नाही केला तर काय होतं ते महाराष्ट्रात बसून आपल्याला दुसऱ्या देशाकडून शिकायला नको. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला आणि अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. त्या निकालाविरुद्ध बायका देशभर रस्त्यावर आल्या नसत्या तर १९८३ची कायदादुरुस्ती झाली नसती. ‘स्वतःचं रक्षण स्वतः कर’ या उपदेशाच्या पोटात पुढचा प्रश्न तयारच असतो : ‘मग तू का केलं नाहीस?’ वर्ग जितके वाढतील तितका तो प्रश्न जास्त जोरात विचारला जाईल, अशी आम्हाला भीती वाटते.

खेळणाऱ्या बाईकडे मात्र सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. टोकियोतच तुर्कस्तानच्या व्हॉलीबॉल संघाने चीनला हरवलं, तेव्हा एका धर्मोपदेशकाने खेळाडूंना जाहीरपणे ऐकवलं की इस्लामच्या मुलीची शोभा मैदानात नाही, श्रद्धेत आणि लाजेत आहे. त्याच्या पाच वर्षं आधी कुब्रा दागली नावाच्या मुलीने पेरूमधल्या लिमा इथे तायक्वांदोच्या ‘पूमसे’ प्रकारात, म्हणजे कात्याच्या सख्ख्या बहिणीत, जोडीदाराबरोबर जागतिक सुवर्ण मिळवलं. ती डोक्याला स्कार्फ बांधून खेळते. झालं! धर्मवाद्यांनी विचारलं, स्कार्फ बांधणाऱ्या मुलीने असे पाय झाडावेत का? धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्यांनी विचारलं, देशाचं नाव घेऊन खेळणाऱ्या मुलीने स्कार्फ का बांधावा? तिने एवढंच म्हटलं की माझ्या यशाबद्दल कुणी बोलत नाही, सगळे स्कार्फबद्दलच बोलतात. दोन छावण्या एरवी एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, पण बाईच्या डोक्यावर काय असावं हे आपण ठरवायचं यावर त्यांचं एकमत होतं. याच देशात वर्षानुवर्षं स्कार्फ बांधला म्हणून मुलींना विद्यापीठाच्या दारातून परत पाठवलं गेलं. तेव्हाही त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून दिलाराकडे ‘स्वसंरक्षणाचं प्रतीक’ म्हणून पाहणं आम्हाला तिच्यावर अन्याय वाटतो. ती खेळाडू आहे. कात्यात तिला कुणाला लोळवायचं नसतं, एक अवघड गोष्ट निर्दोष करून दाखवायची असते. तिच्या बाजूने मागायचंच असेल तर खेळाडू म्हणून मागू या. ऑलिंपिकचं दार तिच्या पिढीसाठी एकदाच उघडलं. पॅरिस २०२४च्या यादीतून कराटे वगळणार हे टोकियोच्या आधीच ठरलं होतं. ज्या खेळात ऑलिंपिक नाही त्याला सरकारी पैसा किती आणि मुलींच्या वाट्याला त्यातला किती, हा प्रश्न विचारायचा. टोकियोत त्याच प्रकारात सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या सांद्रा सांचेझचं वय तेव्हा ३९ होतं. ऐन उमेदीत आजारी आईजवळ राहायचं म्हणून तिने राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जाणं सोडलं होतं, आणि परत आली तेव्हा आता वय झालं असं तिला ऐकावं लागलं. आजारी आईसाठी किती मुलगे खेळ सोडतात? आमच्या ओळखीत तरी एकही नाही.

कुणी म्हणेल, करार सोडला तरी तुर्कस्तानचा स्वतःचा २०१२चा, ६२८४ क्रमांकाचा संरक्षण कायदा आहेच की. आहे. पण एकदा दार किलकिलं झालं की पुढचा धक्का देणारे तयारच असतात. २०२३च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांशी युती करताना एका धर्मवादी पक्षाने या कायद्यावरच बोट ठेवलं. त्याआधी २०२२च्या जुलैमध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी राष्ट्राध्यक्षांचा हुकूम उचलून धरला होता. आणि मेलेल्या बायकांची नोंद ठेवणाऱ्या त्या मंचावर? त्याच्यावर ‘कायदा व नीतिमत्तेविरुद्ध काम’ केल्याबद्दल मंच बंद करण्याचा खटला भरला गेला. बायका प्रत्येक तारखेला कोर्टाच्या दारात जमत राहिल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो खटला फेटाळला गेला. तिथे कुणाला लाथ मारावी लागली नाही. तारखा लक्षात ठेवाव्या लागल्या, वकील उभे करावे लागले, एकमेकींना घेऊन जावं लागलं.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या गावात तो फलक लागेल तेव्हा मुलींना जरूर पाठवा. आपणही जा. आणि उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांना माईकवर विचारा, की २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकारी कोण, त्या कुठे बसतात, त्यांच्याकडे गाडी आहे का, आणि रात्री दोन वाजता घराबाहेर काढलेल्या बाईने पोरांना घेऊन कुठल्या दारात जायचं. उत्तर लेखी मागा. आलेली उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू. न आलेलीही कळवा.