‘दे की गटारात ओतून!’

नवी पेठेतल्या एका दुकानात माझा मित्र पार्टटाइम करतो. तिथं नवीन वुडन फ्लोअरिंग झालं. दिसतंय एकदम भारी! पण रबरबेस अ‍ॅडहेसिव्हचा अर्धा डबा उरला. कुणीतरी लगेच म्हणालं, ‘दे की गटारात ओतून.’

मला हे अजिबात पटत नाही. हे पांढऱ्या फेव्हिकॉलसारखं पाण्यातलं नसतं, सॉल्व्हंटवालं असतं. वासानंच डोकं धरतं, ठिणगी पडली तर पेटतं. (पांढरं तरी कशाला ओतायचं? वाळलं की तेही बसतं चिकटून.) गटार तुंबल्यावर त्यात उतरणारा माणूस आपल्या घरातला नसतो, म्हणून आपल्याला सुचतं हे. 2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे टाकाऊ डबेसुद्धा घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, वेगळे द्यायचे. मग याला वेगळा न्याय का?

झाकण घट्ट बसत असेल तर डबा मिस्त्रींनाच द्यावा. तळाला थोडंच असेल तर उघड्यावर, आगीपासून लांब, पूर्ण वाळू द्यावं. मग घंटागाडीवाल्याला सांगून वेगळं द्यावं.

मित्रानं डबा मिस्त्रीकाकांपुढं धरला. काका म्हणाले, ‘होटगी रोडला काम निघालंय. आण इकडं!’