जुळवून घ्यायचे कोणी?

अमेरिकेच्या शेतमळ्यांत, मांसप्रक्रिया कारखान्यांत आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या श्रमिकांची मुले आज मोठ्या संख्येने उच्च शिक्षण घेत आहेत. त्यांतील अनेकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. एकाकीपणा, चिंता आणि न्यूनगंड या मुलांना ग्रासतो, असे तेथील अभ्यासक सांगतात. ते खरेच आहे. परंतु या दुखण्याला ‘सांस्कृतिक समायोजनाची समस्या’ असे नाव देऊन त्याचे मूळ विद्यार्थ्याच्या मनात शोधायचे की विद्यापीठाच्या रचनेत, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

लहानपणापासून दवाखान्यात व कचेरीत आईवडिलांची दुभाषी झालेली, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, नोकरी करून घरभाड्याला हातभार लावणारी मुलगी विद्यापीठात येते. तेथे तिला सांगितले जाते की, स्वतःचा मार्ग स्वतः शोधावा आणि अडचण आल्यास अध्यापकाचे दार स्वतःच ठोठवावे. निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने दाखवून दिले की, अमेरिकी विद्यापीठे ज्या स्वतंत्र वृत्तीला आदर्श मानतात, ती मध्यमवर्गीय जीवनातून आलेली आहे. श्रमिकांच्या घरात परस्परांचा आधार हेच मूल्य असते. म्हणजे घरी जो सद्गुण, तोच विद्यापीठात उणीव ठरतो. आईच्या आजारपणात घरी धावलेल्या मुलीची गैरहजेरी नोंदवली जाते. तिने पार पाडलेल्या जबाबदारीसाठी मात्र कोणत्याही नोंदवहीत रकाना नसतो.

हा पेच आजचा नाही. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी शाळा सोडून रस्त्यावर उतरले. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे आणि महाविद्यालयाऐवजी हातकामाच्या शिक्षणाकडे त्यांना वळवले जात असे. शिक्षक सॅल कास्ट्रो यांच्यासह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवण्यात आले. तरीही चळवळ दबली नाही. १९६९ मध्ये सांता बार्बरा येथील परिषदेत विद्यार्थी व अध्यापकांनी चिकानो अभ्यासक्रमांची योजना मांडली. त्या तरुणांनी समायोजनाचे धडे मागितले नव्हते. आपल्या भाषेसाठी, इतिहासासाठी आणि वस्तीसाठी त्यांनी विद्यापीठात जागा मागितली होती.

दार किलकिले झाले, तोच त्यावर शुल्काचे कुलूप पडू लागले. १९६० च्या आराखड्यात कॅलिफोर्नियाने राज्यातील विद्यार्थ्यांसाठी शिकवणी शुल्क न घेण्याचे तत्त्व मान्य केले होते. रेगन गव्हर्नर असताना, १९७० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘शैक्षणिक शुल्क’ सुरू झाले. आज अमेरिकेतील शैक्षणिक कर्जाचा बोजा दीड लाख कोटी डॉलरच्या वर आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातील वंशाधारित विचार जवळजवळ संपुष्टात आणला आणि २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे असलेल्या संस्थांची काही अनुदाने बंद केली. डोक्यावर कर्ज आणि आईवडिलांच्या हद्दपारीचे भय असलेल्या विद्यार्थ्याला केवळ मनःशांतीचे धडे देणे ही थट्टा आहे.

समुपदेशकांची गरज नाही, असा याचा अर्थ नव्हे. खचलेल्या विद्यार्थ्याला मदत आजच हवी, आणि ती त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे. लॉरा रेंडॉन यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले होते की, अध्यापक व संस्था स्वतः होऊन पुढे आल्यास, ज्यांना आपल्या यशाची शंका होती असे विद्यार्थीही आत्मविश्वासाने उभे राहतात. पण सहानुभूतीला शुल्कमाफीची, निवाऱ्याची आणि संघटित विद्यार्थीशक्तीची जोड नसेल, तर ती जखमेवरची पट्टीच ठरेल.

श्रमिकांच्या मुलांनी विद्यापीठाशी जुळवून घ्यावे, असे फार काळ सांगून झाले. ज्यांच्या श्रमावर ती विद्यापीठे उभी आहेत, त्यांच्या मुलांशी विद्यापीठांनी जुळवून घेण्याची वेळ आली आहे.